भिंतीवरची रायफल, खांद्यावरची रायफल

नोकरीनिमित्त गेली सहा वर्षं मी मध्य प्रदेशात, बुंदेलखंडात राहतो. मूळचा विदर्भातला. मागच्या दसऱ्याला शाखेतल्या एका सहकाऱ्यानं घरी बोलावलं. "आमच्याकडे शस्त्रपूजा असते. काकांचं कलेक्शन बघायला या, तुम्हाला आवड आहे ना." आवड आहे, हे खरं. जुन्या लष्करी रायफली, त्यांच्यावरचे शिक्के, त्यांच्या गोळ्यांचे आकार, कोणत्या साली कोणता बदल झाला, हे सगळं मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. आपल्या लोकांत हा छंद सांगितला की समोरचा जरा विचित्र नजरेनं बघतो, म्हणून मी सहसा सांगत नाही. बँकेत मात्र बोलता बोलता निघून गेलं होतं.

घर म्हणजे जुनी गढी. ओसरीच्या भिंतीवर ओळीनं हत्यारं मांडलेली. एक तोड्याची बंदूक, दोन ठासणीच्या, एक मार्टिनी-हेन्री, आणि शेवटी तेल लावून चकचकीत केलेली आखूड ली-एनफील्ड, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. सगळ्यांना झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटं. सहकाऱ्याच्या काकांना सगळे दाऊसाहेब म्हणत होते. मीही म्हटलं. त्यांनी ती ली-एनफील्ड खाली काढली आणि माझ्या हातात दिली.

मी बोट ट्रिगरपासून लांब ठेवलं, नळी जमिनीकडे केली, बोल्ट उघडला, आत बघितलं आणि मग करंगळी घालून चेंबर रिकामं आहे का ते चाचपलं. हे मी ठरवून केलं नाही, हातानंच केलं. दाऊसाहेब बघत होते. म्हणाले, "कुठं शिकलात?"

"कॉलेजात एनसीसी होती. आजोबा फौजेत होते. वडील होमगार्ड."

"आजोबा कोणत्या पलटणीत?"

"महार रेजिमेंट."

ओसरीवर क्षणभर कुणी बोललं नाही. मग दाऊसाहेब हसले आणि म्हणाले, "अच्छा. म्हणजे तुमची सरकारी. आमची घरची."

त्यांनी हे अपमान म्हणून म्हटलं नाही. चहा दिला, फराळ दिला, मार्टिनीचा लिव्हर कसा चालतो ते प्रेमानं दाखवलं. मीही मन लावून बघितलं. पण ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्या वाक्याचा मला राग येत नाही, कारण ते अगदी बरोबर आहे. आमच्या तीन पिढ्यांनी तीच रायफल खांद्यावर वागवली आणि संध्याकाळी कोतात जमा केली. त्यांच्या तीन पिढ्यांनी ती भिंतीवर टांगली. आमच्याकडे तिच्याबद्दल कौशल्य आहे, त्यांच्याकडे मालकी. आणि आपल्या देशात मालकीला 'वारसा' म्हणतात, कौशल्याला 'नोकरी'.

रायफलीबद्दल थोडं सांगतो, कारण ज्यांनी ती फक्त सिनेमात किंवा बंदोबस्तावरच्या शिपायाच्या खांद्यावर पाहिली त्यांना मी कशात अडकलोय ते कळणार नाही. आखूड ली-एनफील्डचा मार्क थ्री १९०७ सालचा. वजन साधारण चार किलो. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी वरून भरायच्या. बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या इंचभरात स्प्रिंगचा जोर लागतो, त्यामुळे मागे ओढताना तो हलका चालतो आणि हात बसला की फार भराभर चालतो. दस्त्याच्या तळाला पितळेची पट्टी, तिच्यात झाकण, झाकणाच्या आत तेलाची बाटली आणि पुल-थ्रू. फौजेत आणि एनसीसीत त्याला सगळे 'फुलथ्रू' म्हणतात आणि त्याच्या टोकाला अडकवायच्या कापडाला चिंदी. आमच्या शिबिरात उस्ताद ओरडायचे, "चिंदी पांढरी निघेपर्यंत ओढा." मी ओढत राहायचो. घरी लाकडाची चूल, कंदिलाची काजळी, आणि इथे एक वस्तू अशी की जी आतून आरशासारखी स्वच्छ ठेवण्याचा हुकूम आहे.

मी खरी थ्री-नॉट-थ्री आयुष्यात एकदाच चालवली. शिबिरातून आम्हाला पोलिसांच्या रेंजवर नेलं होतं, माणशी पाच राउंड. एरवी आमची फायरिंग पॉइंट टू-टूची, पंचवीस यार्डांवर झोपून ग्रुपिंग. तिचा आवाज फटाक्याएवढा. थ्री-नॉट-थ्रीनं पहिल्याच राउंडला खांद्याला असा दणका दिला की डोळ्यांपुढे पांढरं झालं. पाचातल्या तीन टार्गेटवर लागल्या. नंतर पुंगळ्या मोजून द्यायच्या होत्या. मी एक खिशात ठेवावी म्हणून हात घातला आणि उस्तादांनी नुसतं बघितलं. ठेवली परत. पाच दिल्या, पाच जमा. हे 'जमा' मला दाऊसाहेबांच्या ओसरीवर पुन्हा आठवलं.

आजोबा बेचाळीस साली भरती झाले. रेजिमेंट उभी राहून वर्षच झालं होतं, १९४१ च्या ऑक्टोबरात, बेळगावला. त्यांची बटालियन वायव्य सरहद्दीवर होती. तिथं रात्री रायफल चोरीला जाण्याचं भय गोळी लागण्यापेक्षा मोठं असे, म्हणून शिपाई झोपताना ती साखळीनं अंगाला बांधून घेत. आजोबा सांगायचे, "बायकोपेक्षा जास्त रात्री तिच्यासंगं काढल्या, पण निघताना तिचा नंबर पण देऊन यावा लागला." हा त्यांचा विनोद होता. आजी त्यावर कधी हसली नाही.

त्याच सरहद्दीवर, दर्रा आदम खेलमध्ये, लोहारकाम करणारे कारागीर कानस आणि साध्या अवजारांवर ली-एनफील्डची हुबेहूब नक्कल करत आले. इंग्रजी येत नसल्यामुळे शिक्क्यातली अक्षरं उलटी पडत. आज जगभरचे संग्राहक ही उलटी अक्षरं बघून अस्सल-नक्कल ठरवतात. मला त्या कारागिरांबद्दल फार आदर वाटतो. ज्याला लिहिता येत नाही त्यानं अख्खी रायफल अचूक बनवली, पण पकडला गेला तो अक्षरावर. आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

आता मूळ मुद्दा. भारतात जुन्या रायफलींचा 'छंद' कुणाला करता येतो?

अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो. आपल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या रायफली मोठ्या संख्येनं भंगार-शिल्लक म्हणून तिकडे विकल्या गेल्या. तिथले लोक त्यांच्यावरचा शिक्का वाचतात. मुकुट असेल तर सत्तेचाळीसच्या आधीची, अशोकाचे सिंह असतील तर नंतरची. लाकडात आडवा स्क्रू मारलेला दिसला की लगेच म्हणतात, ही भारतातली. बासष्टच्या युद्धानंतर तोच सांगाडा ठेवून ७.६२ च्या गोळीसाठी बनवलेली ईशापूर रायफल तर त्यांची लाडकी. ईशापूर हे बराकपूरच्या शेजारी. तिथल्या कामगारांनी बनवलेली वस्तू ओहायोतला शेतकरी विकत घेऊन रविवारी चालवू शकतो. ती बनवणाऱ्याचा नातू चालवू शकत नाही. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री ही प्रतिबंधित बोअर आहे. म्हणून तर नागरिकांसाठी त्याच घडणीची पण ०.३१५ ची वेगळी रायफल सरकारी कारखाना बनवतो.

मला अमेरिकेसारखा कायदा नको. तिथं शाळांमध्ये काय होतं ते आपण बघतो. आपला कायदा कडक आहे हे चांगलंच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. कायदा कडक आहे, पण एका दारानं तो सैल आहे आणि ते दार जन्माचं आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे की परवानाधारक वारला, किंवा सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्यानं पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं, की ते वारसाच्या नावे करता येतं. वारसाचीही चौकशी होते, मान्य. पण त्याच्या अर्जाची सुरुवात 'आमच्या घरात आहेच' इथून होते. तुमची-माझी सुरुवात 'तुम्हाला कशाला हवी?' इथून. पहिल्या पिढीचा पदवीधर आणि पहिल्या पिढीचा अर्जदार, दोघांनाही हाच प्रश्न. २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी तीन हत्यारांची मर्यादा दोनवर आणली. तेव्हा घराण्यांची हत्यारं कशी जाणार याची फार हळहळ व्यक्त झाली. एकही हत्यार कधी नसलेल्या घरांचा विषय त्या हळहळीत कुठून येणार?

आणि सगळ्यात स्पष्ट उदाहरण कोडगूचं. १८५७ नंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करायला घेतला, तेव्हा कोडगूच्या लोकांना सूट दिली. ती सूट आजही चालू आहे. 'वंशानं कूर्ग' असलेल्या किंवा जम्मा जमीन धारण करणाऱ्या माणसाला बंदुकीसाठी परवाना लागत नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. कोडव माणसाशी माझं भांडण नाही. त्यांच्या कैलपोद सणात बंदुकीला फुलं वाहतात, ते त्यांच्या जगण्याचा भाग आहे. पण वंश आणि जमीन या दोन शब्दांवर शस्त्राचा हक्क ठरवणारी तरतूद प्रजासत्ताकात जिवंत आहे, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं होतं का? मला एका फौजी पुस्तकाच्या तळटिपेतून कळलं.

तरीही त्याच कायद्याच्या जगात एक उलटी तरतूद आहे आणि ती आपल्यासाठी आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे १९९५ चे नियम काढा आणि नियम तीन वाचा. अत्याचाराची शक्यता असलेला भाग ओळखून तिथल्या बिगर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांचे शस्त्रपरवाने गरज पडल्यास रद्द करावेत, ती शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा हत्यारं जप्त करावीत, आणि जीविताच्या आणि मालमत्तेच्या सुरक्षेसाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असं राज्य सरकारला सांगितलं आहे. मी हा नियम माझ्या ओळखीच्या तीन वकिलांना दाखवला. तिघेही आपलेच. दोघांनी तो पूर्वी वाचलेला नव्हता.

१ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारमध्ये लक्ष्मणपूर-बाथे इथं अठ्ठावन्न दलितांना मारलं, तेव्हा हे नियम अंमलात येऊन दोन वर्षं झाली होती. त्याच वर्षी ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण गेले. एकीकडे खाजगी सेनेची बंदूक, दुसरीकडे सरकारी. दोन्ही वेळा आपण नळीच्या त्याच टोकाला होतो. म्हणून कुणी मला म्हणतं की 'आपल्यालाही परवाने मिळाले की झालं', तेव्हा मला ते पटत नाही. बाथेत दहा परवाने असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण नियमाचा पहिला भाग, म्हणजे त्यांचे परवाने काढून घेणं, हा मला दुसऱ्या भागापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. परवाने द्या असा अर्ज करायला आपण कधीतरी जाऊ. ते काढून घ्या असा अर्ज आपल्या गावातून किती गेले?

परवान्याची आणखी एक बाजू इथं आल्यावर कळली. ग्वाल्हेर-चंबळच्या पट्ट्यात परवान्याची बंदूक म्हणजे नोकरी. बँकेला, गोदामाला, एटीएमच्या गाडीला गनमॅन लागतो आणि एजन्सी विचारते, "स्वतःची बंदूक आहे का?" ज्याच्या घरी वडिलांची बाराबोर आहे तो दहावी नापास असला तरी उद्यापासून कामावर. आपला पोरगा बीए करून त्याच एजन्सीत काठी घेऊन पार्किंगला उभा राहतो, कमी पगारावर. वारसा हा शब्द भिंतीवर छान दिसतो, पण पगारपत्रकातही तो असाच उतरतो.

इतिहासाबद्दल आपण एक चूक करतो, ती सांगतो. रागावू नका.

१ जानेवारी आली की आपल्या मोबाईलवर बंदुकांची चित्रं फिरतात. कोरेगावला जाऊन मीही डोकं टेकवून आलोय. पण 'आम्हीही लढवय्ये' हा दावा मला आतून खुपतो. १८१८ ला ज्यांच्या हाती बंदूक दिली, त्यांचीच भरती १८९२-९३ च्या सुमारास बंद केली, आणि कारण काय, तर लढवय्या जातींचा सिद्धांत. खांदे तेच होते. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. १९१७ मध्ये माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली, १९२१ मध्ये मोडली. पंजाबात मजहबी शिखांच्या पायोनियर पलटणींचं तेच, १९३०च्या दशकात मोडल्या आणि पुढच्या युद्धात माणसं पुन्हा बोलावली. चमार रेजिमेंट १९४३ ला उभी, १९४६ ला संपली. मध्ये ती कोहिमाला लढून आली, त्याचाही उपयोग झाला नाही. शौर्याची परीक्षा प्रत्येक वेळी आपण पास झालो आणि निकाल प्रत्येक वेळी दुसऱ्याच कारणानं लागला. मग त्याच परीक्षेला पुन्हा पुन्हा बसायचा एवढा उत्साह का?

आणि रायफलीचा जातीशी संबंध आपण सांगायच्या कितीतरी आधीपासून आहे. १८५७ च्या जानेवारीत डमडमच्या दारूगोळ्यात काम करणाऱ्या एका खालच्या मानल्या गेलेल्या खलाशानं ब्राह्मण शिपायाकडे तांब्याभर पाणी मागितलं. तांब्या बाटेल म्हणून शिपायानं नकार दिला. खलाशी म्हणाला, थांबा, चरबीची काडतुसं दातानं तोडायला लागलात की तुमची जात कुठं राहते बघू. इंग्रज अधिकाऱ्यांच्या त्या महिन्यातल्या पत्रव्यवहारात हा प्रसंग नोंदलेला आहे. त्या माणसाचं नाव कागदावर नाही. उत्तर भारतातली आपली माणसं त्याला मातादीन म्हणून ओळखतात. नव्या एनफील्ड रायफलीची पहिली बातमी देशाला दिली ती तहानलेल्या माणसानं. पाठ्यपुस्तकात चरबी येते, तांब्या येत नाही.

महूला बाबासाहेबांचा जन्म झाला तो वडील लष्करी शाळेत शिकवत होते म्हणून. फौजेत शिपायांच्या मुलांना शिक्षण होतं, मुलींनाही. सुभेदार रामजींच्या हातातल्या रायफलीनं काय केलं हे मला माहीत नाही. त्यांच्या हातातल्या खडूनं काय केलं ते सगळ्या देशाला माहीत आहे. १८९२ नंतर बंद झाली ती नुसती भरती नव्हती, ती शाळा होती. वलंगकर आणि कांबळे बंदूक मागत होते की शाळा, हा प्रश्न विचारून त्यांचे अर्ज पुन्हा वाचायला हवेत. कुणीतरी एमफिल-पीएचडीसाठी हे घ्यावं.

म्हणूनच माझा छंद सोडावा असं मला वाटत नाही. उलट आपल्यातल्या शिकलेल्यांनी या विषयात घुसावं असं वाटतं. शस्त्रांचा इतिहास आज जे लिहितात ते बहुतेक माजी अधिकारी, संस्थानिकांचे वंशज आणि लिलावगृहांचे जाणकार. त्यांच्या नोंदीत महाराजाच्या शिकारी रायफलीला नाव असतं, तिला चांदीची पाटी असते. शिपायाच्या रायफलीला नंबर असतो. पूर्वी ली-एनफील्डच्या दस्त्यावर पितळेची गोल चकती असे, तिच्यावर पलटणीची अक्षरं आणि क्रमांक. ती अक्षरं वाचून कोणत्या रॅकवर कोणती रायफल होती हे सांगता येतं. कोण माणूस होता हे सांगायला दुसरे कागद लागतात आणि ते कागद दाऊसाहेबांच्या भिंतीवर नाहीत. ते आपल्या घरात आहेत, पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली.

आमच्या घरी आजोबांचं डिस्चार्ज बुक होतं. वाळवीनं निम्मं खाल्लं. पदकं दोन होती, एक आत्याच्या लग्नात चांदीच्या भावानं मोडलं. वडिलांनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटत नव्हतं, मलाच वाटत होतं. मुलीचं लग्न आणि पदक यात निवड करायची वेळ गढीवर येत नाही. दुसरं पदक माझ्याकडे आहे. हिंदुस्थानी शिपायांच्या पदकांच्या कडेवर त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. गोऱ्या शिपायांच्या पदकांवर ते बहुधा नसे. ही एकच जागा मला माहीत आहे जिथं त्या लढाईत आपल्या माणसाचं नाव आहे आणि टॉमीचं नाही. तुमच्या घरी असेल तर कडेवर टूथब्रश फिरवा, पॉलिश लावू नका, अक्षरं झिजतात. भिंगातून वाचा, फोटो काढा. मग म्हाताऱ्यांना विचारा, कुठं होते, काय खायचे, पाणी कोणाच्या भांड्यातून प्यायचे. हे शेवटचं नक्की विचारा.

बँकेतल्या सहकाऱ्यानं या दसऱ्यालाही बोलावलंय. मी जाणार आहे. या वेळी मुलीला घेऊन जाईन. ती अकरावीत आहे, रायफल क्लबात एअर रायफल चालवते आणि माझ्यापेक्षा तिचं ग्रुपिंग चांगलं आहे. जाताना आजोबांचं पदकही खिशात असेल. दाऊसाहेबांना जुन्या वस्तूंची पारख आहे. त्यांच्या भिंगाखाली त्या कडेवरचं नाव त्यांना मोठ्यानं वाचायला सांगणार आहे, कारण माझ्या भिंगातून हुद्द्याचं शेवटचं अक्षर नीट लागत नाही.